रासायनिक अभिक्रियेतील उष्णता आणि कार्य : पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलामुलींना रसायनशास्त्रात पहिली ठेच लागते ती बहुधा ऊर्जेच्या धड्यापाशी. ‘उष्मादायी’ आणि ‘उष्माग्राही’ हे ओळखीचे शब्द तिथे ‘एक्झोथर्मिक’ आणि ‘एन्डोथर्मिक’ होऊन येतात, ‘एन्थाल्पी’ नावाची नवीच राशी समोर उभी राहते आणि प्रत्येक आकड्यापुढे धन चिन्ह लिहायचे की ऋण, हा प्रश्न काही केल्या सुटत नाही. माझेही असेच झाले होते. पहिल्या प्रात्यक्षिकात तापमापीतील पारा चढताना पाहून मी वहीत ‘तापमान वाढले, म्हणून उष्णता धन’ असे लिहिले. आकडा बरोबर होता आणि चिन्ह उलटे होते. ते उलटे का, हे मला पुढे जवळजवळ वर्षभर उमगले नाही, कारण सूत्र पाठ होते पण ते सूत्र कोणाच्या बाजूने लिहिले आहे याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

आता मी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हेच प्रयोग करून घेते. पुढील पायऱ्या त्या अनुभवातून आलेल्या आहेत. हे प्रयोग प्रयोगशाळेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत, कारण एक मोलार तीव्रतेचे (लिटरमागे एक मोल) आम्ल आणि अल्क त्वचेला व विशेषतः डोळ्यांना इजा करू शकतात.

१. प्रणाली कोणती आणि परिसर कोणता, हे आधी कागदावर लिहा

सफेदीसाठी चुनकळी भिजवताना पिंपातले पाणी खदखदू लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी या धड्यातील मुख्य गोष्ट पाहिलेली आहे. चुनकळी, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, आणि तिच्याशी संयोग पावणारे पाणी ही आपली प्रणाली. पिंप, त्यातले उरलेले पाणी, वरची हवा आणि जवळ उभी असलेली माणसे हा परिसर. सुमारे ५६ ग्रॅम शुद्ध चुनकळी भिजली की ६५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर पडते. ही उष्णता प्रणालीने गमावलेली असते, म्हणून प्रणालीच्या हिशेबात ती ऋण, आणि तीच परिसराला मिळालेली असते, म्हणून परिसराच्या हिशेबात ती धन.

येथेच बहुतेकांची गफलत होते. तापमापी नेहमी परिसराचे तापमान सांगते. द्रावणात अभिक्रिया घडते तेव्हा एकमेकांशी संयोग पावणारे आयन ही प्रणाली, आणि त्यांच्याभोवतीचे पाणी त्याच भांड्यात असूनही परिसरात मोडते. पाणी तापले याचा अर्थ अभिक्रियेने उष्णता दिली. म्हणून पारा चढला की अभिक्रियेची उष्णता ऋण आणि पारा उतरला की धन. मी विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या पानावर सर्वांत वर ‘प्रणाली : …’ आणि ‘परिसर : …’ अशा दोन ओळी लिहायला लावते, आणि त्या दोन ओळी लिहिल्यावर चिन्हाची चूक करणारे फार थोडे उरतात.

२. साहित्य जमवा

• २५० मिलीची रुंद तोंडाची पॉलिथिनची बाटली आणि तिला दोन भोके पाडलेले बूच
• बाटली मावेल असे मोठे चंचुपात्र आणि मधल्या जागेत ठासायला कापूस
• ०.१ किंवा ०.२ अंशाच्या खुणा असलेली तापमापी
• काचेचा किंवा प्लास्टिकचा ढवळक, मोजपात्रे, स्टॉपवॉच, आलेखाचा कागद
• १.० मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल, १.१ मोलार सोडिअम हायड्रॉक्साइड, नवसागर
• ५० मिलीची काचेची गॅस सिरिंज, लहान शंकुपात्र, रबरी नळी, जस्ताचे तुकडे
• संरक्षक चश्मा आणि हातमोजे

जुन्या प्रात्यक्षिक वह्यांमध्ये थर्मोकोलचा पेला सांगितलेला असतो. महाराष्ट्रात एकदा वापरून फेकून द्यायच्या थर्मोकोलच्या पेल्यांवर २०१८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याच्या शोधात वेळ घालवू नका. कापसात बसवलेली बाटली तेच काम करते. पेल्याऐवजी घरातला स्टीलचा थर्मास वापरावा, असे काही जणांना सुचते, परंतु ते टाळा, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलला खाते आणि धातूवरच्या त्या अभिक्रियेची उष्णता तुमच्या मोजमापात मिसळते.

तापमापीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. या प्रयोगात तापमान जेमतेम सहा-साडेसहा अंशांनी वाढते. एकेका अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीने अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि तेवढ्यानेच उत्तर सात-आठ टक्क्यांनी चुकते.

३. भांडे स्वतः किती उष्णता पिते, ते मोजा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून अनेक जण ती गाळतात आणि मग उत्तर दरवेळी कमी का येते, याचा शोध घेत बसतात. बाटली, तापमापी आणि ढवळक हे सारे पाण्याबरोबर तापतात, आणि त्यांना लागणारी उष्णता हिशेबात धरावीच लागते.

बाटलीत ५० मिली साधे पाणी घ्या, पाच मिनिटे थांबा आणि तापमान नोंदवा. ते २७.० अंश सेल्सिअस आहे असे धरू. दुसऱ्या पात्रात ५० मिली कोमट पाणी ४५.० अंशांवर घ्या, ते बाटलीत ओता, बूच लावून ढवळा आणि स्थिरावलेले तापमान पाहा. ते ३५.६ अंश आले, तर (एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात, म्हणून) कोमट पाण्याने ५० × ४.१८ × ९.४, म्हणजे सुमारे १९६५ ज्यूल गमावले आणि थंड पाण्याने ५० × ४.१८ × ८.६, म्हणजे सुमारे १७९७ ज्यूल मिळवले. मधले सुमारे १६७ ज्यूल कुठे गेले? ते भांड्याने घेतले. भांड्याचे तापमान ८.६ अंशांनी वाढले, म्हणून त्याची उष्माधारकता १६७ भागिले ८.६, म्हणजे अंशाला सुमारे १९.४ ज्यूल. हा आकडा पानावर चौकटीत लिहून ठेवा, कारण पुढे तो पुन्हापुन्हा लागतो.

४. आम्ल आणि अल्क एकत्र करा

सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा. त्याचे खडे पाण्यात विरघळतानाच मोलमागे सुमारे ४४.५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ४ ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात टाकले तर पाणी जवळजवळ दहा अंशांनी तापते. तसले गरम द्रावण लगेच वापरले तर तुम्ही उदासिनीकरणाबरोबर विरघळण्याची उरलेली उष्णताही मोजून बसाल. शिवाय हे खडे हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, त्यामुळे वजनावरून काढलेली तीव्रता खात्रीची नसते. यावरचा सोपा उपाय म्हणजे अल्क थोडे जास्त तीव्रतेचे घेणे. आम्ल १.० मोलार आणि अल्क सुमारे १.१ मोलार घेतले की सर्व आम्ल संपते आणि मोलचा हिशेब फक्त आम्लावरून करता येतो. आम्लाची तीव्रता तेवढी अनुमापनाने तपासून घ्या.

बाटलीत ५० मिली अल्क घ्या. ५० मिली आम्ल दुसऱ्या पात्रात बाजूला ठेवा. दोन्हींचे तापमान सारखे होईपर्यंत थांबा, आणि एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमापी धुऊन पुसा. मग स्टॉपवॉच सुरू करून दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. तीन मिनिटे असे केल्यावर बरोबर चौथ्या मिनिटाला आम्ल एका दमात ओता, बूच लावा, हळूहळू ढवळत राहा आणि दहाव्या मिनिटापर्यंत नोंदी चालू ठेवा.

या सहा मिनिटांच्या नोंदींचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात. तापमान वर जाते, क्षणभर थबकते आणि मग सावकाश उतरू लागते, कारण उष्णता बाहेर झिरपत असते. ती वर जात असतानाही झिरपतच होती. म्हणून तुम्ही पाहिलेले सर्वांत मोठे तापमान हे खऱ्या तापमानापेक्षा किंचित कमीच असते. आलेखावर उतरत्या बिंदूंमधून सरळ रेषा काढा, ती मागे चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा आणि तिथे ती ज्या तापमानाला छेदते ते तापमान घ्या. पहिल्यांदा ही रेषा मागे नेताना हात कचरतो, परंतु ती नेल्यावर मिळणारा आकडा कोणत्याही एका वाचनापेक्षा अधिक विश्वासाचा असतो.

५. हिशेब करा आणि चिन्ह शेवटी लावा

समजा, सुरुवातीचे तापमान २७.० आणि आलेखावरून मिळालेले तापमान ३३.४ अंश आहे. वाढ ६.४ अंश. एकूण द्रावण १०० मिली. मिठाच्या विरळ द्रावणाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त आणि विशिष्ट उष्माधारकता थोडी कमी असते. या दोन चुका बऱ्याच अंशी एकमेकींना भरून काढतात, म्हणून १०० ग्रॅम पाणी धरून चालण्यास हरकत नाही. मग परिसराला मिळालेली उष्णता :

(१०० × ४.१८ + १९.४) × ६.४ = सुमारे २८०० ज्यूल

५० मिली एक मोलार आम्लात ०.०५ मोल आम्ल असते. म्हणून मोलमागे ५६.० किलोज्यूल. ही झाली परिसराची मिळकत. आता पानाच्या वरच्या दोन ओळी वाचा आणि मगच लिहा : अभिक्रियेची एन्थाल्पी (म्हणजे स्थिर दाबाला मोजलेली अभिक्रियेची उष्णता) −५६.० किलोज्यूल प्रति मोल.

सुरुवातीलाच सूत्रात ऋण चिन्ह घालून हिशेब करणाऱ्यांचे चिन्ह मध्येच कुठेतरी हरवते किंवा दोनदा लागते. परिसराचा हिशेब धन आकड्यांत पूर्ण करून शेवटच्या ओळीत चिन्ह लावण्याची सवय मला सर्वांत सुरक्षित वाटते.

एक प्रश्न येथे हमखास येतो : नायट्रिक आम्ल घेतले किंवा पोटॅशिअम हायड्रॉक्साइड घेतले, तरी उत्तर जवळजवळ तेवढेच का येते? कारण तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क पाण्यात आधीच आयनांच्या रूपात असतात आणि खरी अभिक्रिया हायड्रोजन आयन व हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होण्याची, एवढीच असते. अमोनियाचे द्रावण घेतल्यास मात्र मोलमागे ५२ किलोज्यूलच्या आसपासच उष्णता मिळते, कारण अमोनियाचे फार थोडे रेणू आधीपासून आयनांच्या रूपात असतात.

६. पारा उतरणारी अभिक्रियाही एकदा पाहा

कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर जो नवसागर टाकतो, तो म्हणजे अमोनिअम क्लोराइड. त्याच बाटलीत १०० मिली पाणी घेऊन ५.३५ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, नवसागर विरघळवा. तापमान तीन-साडेतीन अंशांनी उतरते, कारण मोलमागे सुमारे १४.८ किलोज्यूल उष्णता पाण्याकडून घेतली जाते. येथे चिन्ह धन. फवारणीसाठी बादलीत युरिया कालवताना बादली गार लागते, तेही असेच.

७. आता कार्य मोजा

वरच्या प्रयोगांत वायू नव्हता, आकारमान जवळजवळ बदलले नाही, म्हणून कार्याचा विचार न करताही निभावले. वायू तयार होतो तेव्हा तो भोवतालच्या हवेला ढकलून स्वतःसाठी जागा करतो, आणि हे ढकलणे म्हणजेच कार्य. पुस्तकात हे वाक्य वाचून पुढे जाता येते, परंतु सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे सरकताना एकदा पाहिला की त्याचा अर्थ मनात बसतो.

शंकुपात्रात जास्तीचे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. दट्ट्या कोरडा आणि सहज फिरणारा आहे याची खात्री करा, नाहीतर घर्षणामुळे तो अडखळतो. मोजून ०.०६५ ग्रॅम, म्हणजे एक मोलचा हजारावा भाग, जस्त आत टाका आणि लगेच सिरिंज जोडलेले बूच घट्ट बसवा. बुडबुडे येऊ लागतात आणि दट्ट्या सरकत सरकत २५ मिलीच्या जवळपास थांबतो. बूच बसवताना दबलेली हवा आणि वायूत मिसळलेली पाण्याची वाफ यांमुळे वाचन किंचित जास्त येऊ शकते. हा हायड्रोजन आहे, म्हणून आसपास कोणतीही ज्योत नको.

२७ अंशांना आणि एक वातावरण दाबाला ०.००१ मोल वायू सुमारे २४.६ मिली जागा व्यापतो. एक लिटर-वातावरण म्हणजे १०१.३ ज्यूल, म्हणून दट्ट्या ढकलताना झालेले कार्य सुमारे २.५ ज्यूल. याच अभिक्रियेत बाहेर पडलेली उष्णता सुमारे १५४ ज्यूल असते. कार्य उष्णतेच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे, तरी ते शून्य नाही.

आता हीच अभिक्रिया तोंड घट्ट बंद केलेल्या, न फुगणाऱ्या पात्रात झाली अशी कल्पना करा. दट्ट्या नाही, आकारमान वाढत नाही, कार्य शून्य. मग ते २.५ ज्यूल जातात कुठे? तेही उष्णता म्हणूनच बाहेर पडतात आणि उष्णता सुमारे १५६.५ ज्यूल होते. आंतरिक ऊर्जेतील, म्हणजे प्रणालीत साठलेल्या एकूण ऊर्जेतील, घट दोन्ही वेळी तेवढीच, तिची वाटणी वेगळी. स्थिर आकारमानाला मोजलेली उष्णता म्हणजे आंतरिक ऊर्जेतील बदल, आणि उघड्या भांड्यात, स्थिर दाबाला मोजलेली उष्णता म्हणजे एन्थाल्पीतील बदल. या दोन राशी वेगळ्या का ठेवल्या, याचे उत्तर त्या अडीच ज्यूलमध्ये आहे.

येथे सर्वांत मोठा खड्डा आहे, आणि त्यात हुशार विद्यार्थीही पडतात. बारावीच्या रसायनशास्त्रात ‘आंतरिक ऊर्जेतील बदल = उष्णता + कार्य’ असे सूत्र असते आणि भौतिकशास्त्रात ‘आंतरिक ऊर्जेतील बदल = उष्णता − कार्य’ असे. दोन्ही बरोबर आहेत. रसायनशास्त्रात कार्य म्हणजे परिसराने प्रणालीवर केलेले कार्य, आणि भौतिकशास्त्रात प्रणालीने परिसरावर केलेले. आपल्या सिरिंजच्या प्रयोगात रसायनशास्त्राच्या रीतीने कार्य −२.५ ज्यूल आणि भौतिकशास्त्राच्या रीतीने +२.५ ज्यूल होईल, परंतु आंतरिक ऊर्जेतील बदल दोन्हींत सारखाच, −१५६.५ ज्यूल निघेल. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर आधी सूत्र लिहा, म्हणजे तुम्ही कोणती रीत धरली हे तपासणाऱ्यालाही कळते.

कार्य नेहमी हवा ढकलण्याचेच असते, असा समजही करून घेऊ नका. जस्ताची पूड निळ्या मोरचुदाच्या द्रावणात टाकली की मोलमागे सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता मिळते आणि द्रावणाचा निळा रंग जातो. जस्त आणि तांब्याचे हेच घटक डॅनियल घटात वेगळे ठेवून तारेने जोडले, तर १.१ व्होल्टच्या त्या घटातून, विद्युतधारा अगदी सावकाश घेतल्यास, मोलमागे २१२ किलोज्यूलपर्यंत विद्युत कार्य मिळू शकते आणि उष्णता म्हणून फार थोडे उरते. वाट बदलली की उष्णता आणि कार्य यांचे प्रमाण किती बदलते, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

८. दोन वाटांनी एकाच मुक्कामाला जाऊन पाहा

रसायनशास्त्रज्ञ जेर्मेन हेस यांनी १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे उष्णतेच्या बेरजेचा नियम मांडला, तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अजून सर्वमान्य व्हायचा होता. हेस यांनी गंधकाम्लात पाण्याचे प्रमाण बदलून त्याचे उदासिनीकरण केले आणि विरळ करतानाची व उदासिनीकरणाची उष्णता मिळून एकूण बेरीज तीच राहते, हे दाखवले. तुमच्या बाटलीत तुम्हीही हे करू शकता. सोडिअम हायड्रॉक्साइडचे खडे आधी पाण्यात विरघळवून त्याची उष्णता मोजा, त्यात उदासिनीकरणाची उष्णता मिळवा, आणि मग तेवढेच खडे थेट सौम्य आम्लात टाकून मोजा. दोन्ही वाटांनी उत्तर मोलमागे १०० किलोज्यूलच्या आसपास यायला हवे. खडे झटपट तोला, कारण हवेत ठेवले की ते काही मिनिटांतच ओलसर होऊन चिकटू लागतात. ते चिमट्याने उचला, हाताने नाही.

९. उत्तराबरोबर परिस्थितीही नोंदवा

निकालाच्या ओळीत अभिक्रियेचे समीकरण, प्रत्येक पदार्थाची अवस्था, द्रावणांची तीव्रता, दाब स्थिर होता की आकारमान, आणि तापमान ही माहिती हवी. तापमान तर विसरूच नका. अनेक मार्गदर्शिकांमध्ये तीव्र आम्ल-अल्काच्या उदासिनीकरणाची एन्थाल्पी −५७.३ दिलेली असते आणि तुमचे उत्तर −५६ आले की तुम्हाला वाटते, आपण चुकलो. विरळ द्रावणांसाठी −५७.३ हा आकडा सुमारे १८ अंश सेल्सिअसचा आहे. २५ अंशांना तो −५५.८ होतो, आणि तापमान वाढेल तसा आणखी कमी भरतो. मे महिन्यात, प्रयोगशाळेत ३४ अंश तापमान असताना, −५७.३ यावे म्हणून आलेखावरची रेषा ओढूनताणून वर नेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तसे करू नका. तुमच्या रेषेने दिलेला आकडा लिहा आणि त्याच्या शेजारी त्या दिवशीचे तापमान लिहा.